बोट खाली येईपर्यंत

७ मार्च

चिरंजीव,

आशीर्वाद लिहायचे की नाही, ते पत्र संपल्यावर ठरवीन.

तुझी मेल पोचली. फोन घेणार नाही असं मी गेल्या वर्षी सांगितलं होतं, त्यात बदल नाही. हे कागदावर लिहिते आहे. दुकानातली टकळी याचा फोटो काढून तुला पाठवेल. टकळी म्हणजे तुझे बाबा गेल्यावर औषधांच्या दुकानात मदतीला ठेवलेली बाई. तिचं तोंड मिटत नाही म्हणून सगळी गिऱ्हाइकं तिला टकळीच म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. फोटो काढताना ती पत्र वाचणार हे उघड आहे. वाचू दे. तू आला नाहीस हे साऱ्या गल्लीला माहीत आहे, आता लपवायचं काय उरलंय?

तू लिहितोस, संगणकावर प्राणी हलवायचं तुझं काम संपलं, सिनेमा पुरा झाला, सुट्टी मिळाली. "आई, येऊ का? तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं! हे मला गेल्या वर्षी ऐकायचं होतं. तेव्हा तू म्हणत होतास, "अजून थोडे दिवस, एवढा एक प्रसंग हातावेगळा झाला की निघतोच." तुझा प्रसंग हातावेगळा होईना आणि बाबांना तेवढी सवड नव्हती. ते गेल्यावर म्हणालास, "आता येऊन काय करू?" मी म्हटलं, काही करू नकोस, तिथेच राहा. तू राहिलास. सांगितलेलं ऐकायची सवय तुला नेमकी तेव्हाच लागली.

आणि वर तुझं ते वाक्य. "मी होतो, आई. फोनवर मी होतो." ते मला अजून पचलेलं नाही. फोन गोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केलेला असायचा आणि त्यात तू. त्याला असणं म्हणत नाहीत. जो चादर बदलतो, पाठ पुसतो, भांडं धरतो, तो असतो. बाकीचे बघे.

तेव्हा उत्तर असं. ज्याच्यासाठी तू आला नाहीस ते मी आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. मग सांगेन, ये की नको. तोवर तिकीट काढू नकोस.

आशीर्वाद राहिले. आज मन होत नाही.

आई


११ मार्च

चिरंजीव,

तुमच्या सिनेमाने गावभर उच्छाद मांडला आहे. चौकातल्या इमारतीवर त्या निळ्या प्राण्याचा डोळा रंगवलाय, एकच डोळा, तीन मजले व्यापून. खाली राहणाऱ्यांनी खिडक्या बंद ठेवल्या आहेत. सकाळी दात घासताना कुणीतरी रोखून बघतंय असं वाटतं म्हणे.

मी जायच्या आधीच सगळी गोष्ट काउंटरवर ऐकून झाली होती. औषध घ्यायला येणारा माणूस आधी दुखणं सांगतो आणि मग सिनेमा. सगळीकडे समुद्रच असलेला कुठलासा ग्रह, त्यात डोंगराएवढा प्राणी, त्याच्या पाठीवर माणसांनी वसवलेलं शहर. प्राणी आजारी पडतो आणि माणसं भांडत बसतात, सोडून जायचं की थांबायचं. बरोबर ना?

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "वहिनी, डोळ्यांना मेजवानी आणि डोक्याला उपास. पण मेजवानी अशी, की मी उपास विसरलो." कॉलेजच्या दोन मुली डोकेदुखीची गोळी घ्यायला आल्या. तिसऱ्यांदा बघून आल्या होत्या आणि चौथ्यांदा जाण्यासाठी गोळी हवी होती. एक आई तक्रार घेऊन आली, लेक आंघोळीच्या बादलीत हात घालायला घाबरते, आत तो असेल म्हणून. खोकल्याचं औषध नेणारे एक आजोबा म्हणाले, "छान झोप लागली. मधूनमधून फार ओरडतात, तेवढं कमी करायला हवं." गॅरेजवाला म्हणाला, "पैसा पाण्यासारखा ओतलाय, पण गोष्ट? गोष्ट माझ्या मेव्हण्याने लिहिली असती तरी बरी झाली असती." त्यावर टकळी त्याच्या अंगावर गेली. "तुमच्या मेव्हण्याला स्वतःचा पत्ता लिहिता येत नाही, बोलता कुणाला? पाणी बघितलंत का ते? खरं पाणी असं दिसत नाही!" खरं पाणी तसं दिसत नसेल तर ती तक्रार झाली की कौतुक, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही आधी जाऊन या."

गेले. दुपारी दुकान बंद असतं तेव्हाच्या खेळाला. मी, लाह्यांचे डबे मांडीवर घेतलेली काही जोडपी आणि एक झोपायला आलेला माणूस.

बघितलं आणि आता स्पष्ट लिहिते. मला तो सिनेमा अत्यंत टाकाऊ वाटला. गोष्टीचं सोड, मला चित्रच धड दिसलं नाही. प्रत्येक माणसाला शेजारी त्याचाच दुसरा माणूस चिकटलेला. जहाजाला दुहेरी कडा, प्राण्याला दीड शेपूट. पाणी तर असं, जणू कुणी ओल्या बोटाने शाई पुसलीय. लोक "वा!" म्हणत होते आणि मी विचार करत होते, की एक तर हे सगळे आंधळे आहेत, नाहीतर मी. एवढ्यासाठी? वर्षंच्या वर्षं खर्ची घालून हे? मला राग आला असता तर बरं झालं असतं. नुसता थकवा आला. मध्यंतरानंतर थोडी बसले आणि मग दुकान उघडायला निघून आले.

उत्तर अजून दिलेलं नाही. देण्यासारखं काही पाहिलंच नाही.

आई


१५ मार्च

तुझी दोन ओळींची मेल टकळीने गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा वाचली. "आई, चष्मा! तिथे देतात तो चष्मा घातला नव्हतास ना?"

नव्हता घातला. दारात एकजण टोपलीतून काळे चष्मे वाटत होता. आधीच्या खेळाच्या लोकांनी काढून टाकलेले, तेच पुढच्यांना. गावात डोळे येण्याची साथ आहे. रोज थेंबांच्या बाटल्या संपतात, मी स्वतः प्रत्येकाला बजावते की दुसऱ्याचा रुमालसुद्धा वापरू नका. आणि मी शेकडो डोळ्यांचा चष्मा नाकावर चढवू? मला वाटलं, ऊन लागू नये म्हणून देतात तसलं काहीतरी थेर असेल. बसले तेवढा सिनेमा मी उघड्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्याच चष्म्यातून, दुहेरी बघितला. दातांचे डॉक्टर हसून हसून जिन्यात बसले. हसू दे. फार दिवसांनी त्या जिन्यात कुणी हसलं.

तू पुढे लिहिलं होतंस, "आणि शेवटपर्यंत बस. मी केलेलं शेवटी आहे."

तर काल पुन्हा गेले. पर्समध्ये स्पिरिट आणि कापूस नेला. दारातल्या माणसासमोर काचा पुसल्या, दांड्या पुसल्या. तो म्हणाला, "आजी, ऑपरेशन आहे का आत?" मी म्हटलं, आहे. माझ्या चष्म्यावर तो चष्मा चढवला. दोन्ही घसरत होते, एक हात नाकावर धरून बसावं लागलं.

पाणी चांगलं आहे. हे मी मान्य करते. एका ठिकाणी लाट अंगावर आली तेव्हा मी पाय वर घेतले. गोष्ट गॅरेजवाला म्हणतो तशीच आहे. त्या कप्तानाला एक थप्पड वेळेवर मिळाली असती तर अर्धा सिनेमा वाचला असता.

मग शेवट आला.

प्राणी कुशीवर पडतो आणि माणसं गप्प होतात. पडद्यावर नुसती ती प्रचंड बरगडी. आणि तिने श्वास घेतला. दोन छोटे ओढे, मग थांबणं, मग लांब सोडणं. पुन्हा दोन छोटे, थांबणं, सोडणं. थांबताना बरगडीपुढच्या कल्ल्याचं टोक हळूच उठलं आणि सोडताना खाली आलं.

नाकावरचा हात मी काढला. चष्मा पडला, तो उचलला नाही. मला तो लागणारच नव्हता.

ते मी ओळखणार नाही असं तुला वाटलं? आख्खा हिवाळा मी त्या श्वासाशेजारी झोपले. आणि ते टोक म्हणजे त्यांचं बोट! तलावाच्या काठावर उभं राहून तुझ्या बाबांनी गावातल्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलं, ते त्या एका बोटाने. बोट वर, म्हणजे पाण्याखाली श्वास धरायचा, डोळे उघडे, माझ्याकडे बघायचं. बोट खाली येईपर्यंत सोडायचा नाही. तुला असंच शिकवलं. शेवटी शेवटी त्यांना शुद्ध नसायची, पण श्वास अडकला की पांघरुणावर बोट आपोआप उठायचं. काठावर उभे असल्यासारखं.

आता मला सगळं आठवतंय. "आई, फोन जरा खाली कर. चेहरा नको, छाती दिसू दे." "आई, दिवा जरा या बाजूला घे." मला वाटायचं, पोराला चेहरा बघवत नाही. मी दिवा धरून उभी राहायचे. हात भरून यायचा, तरी धरायचे. आणि तू तिकडे काय करत होतास? मापं घेत होतास.

माझ्या मागे बसलेली मुलं त्या श्वासावर हसली. एक म्हणाला, "मर की रे बाबा एकदाचा." त्याचा दोष नाही, त्याला काय माहीत. तुला माहीत होतं. तू बाबांना जगभरच्या परक्या लोकांपुढे, लाह्या खाणाऱ्यांपुढे, असं निजवलंस. मला न विचारता. तिकीट लावून.

नको येऊस. हे माझं उत्तर.


२३ मार्च

चिरंजीव,

आधीचं पत्र तुला मिळालेलं नाही. टकळीला विचारलं तर म्हणाली, "फोटो नीट आला नाही, बाई. हात हलला." मी म्हटलं, पुन्हा काढ. पुन्हा हलला. एवढी वर्षं मी माणसांच्या हाताची थरथर बघून औषधं देते आहे. हिचा हात दगडासारखा आहे. पण तिला बोलले नाही. तेही पत्र यासोबत लिफाफ्यात घालते आहे. फाडत नाही. ते लिहिलं तेव्हा ते खरंच होतं, आणि त्यातलं बरंचसं आजही आहे. हे मात्र फोटोने जाणार नाही. मी स्वतः डाकेत टाकणार आहे.

मधल्या दिवसांत काय झालं ते लिहिते.

गॅरेजवाला मलमपट्टी न्यायला आला. त्याची बायको बरोबर होती. ती म्हणाली, "मला तर रडू आलं शेवटी." तो म्हणाला, "मला जांभई आली. तो प्राणी मरायला इतका वेळ कशाला घेतो? माणसांना घरी जायचं असतं."

मी पट्टी कापत होते. म्हटलं, "मरायला वेळ लागतो."

त्याने खिशातून पैसे काढले. मग म्हणाला, "नाही वहिनी, मी आपलं सिनेमाचं म्हणत होतो." मी म्हटलं, "मीही."

नंतर लक्षात आलं, की मी तुझी बाजू घेतली. मला ते अजिबात आवडलं नाही. दिवसभर टकळीवर ओरडत राहिले.

मग रविवारी तुझी आत्या आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक, की भाच्याचा सिनेमा लागलाय आणि भावजयीने तो दोनदा बघूनही तिला नेलं नाही. "मी काय मेले होते का गं? दादा असता तर हाताला धरून घेऊन गेला असता." तिला कमी ऐकू येतं म्हणून ती कशी बोलते ते तुला माहीत आहे. समोरच्या दुकानातून माणसं बाहेर आली. नेलं शेवटी. तिचा चष्मा पुसून दिला, माझा पुसला.

सिनेमाभर तिची बडबड चालू होती. "ही कोण? ती आधीची मेली ना? हा इतका का ओरडतो, घरात कुणी नाही का याच्या?" पुढच्या माणसाने दोनदा मागे वळून बघितलं. मी खाली बघत बसले. शेवट जवळ आला तेव्हा डोळे मिटायचे असं ठरवून ठेवलं होतं.

श्वास सुरू झाला आणि आत्या गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून मी डोळे उघडले. ती पुढे सरकून, तोंड उघडं टाकून बघत होती. मग सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, हा तर दादा!"

कुणीतरी म्हणालं, "शूऽऽ." ती म्हणाली, "तुम्ही शू करा. माझा भाऊ आहे तो."

कुणी हसलं नाही. मागच्या ओळीतून कुणीतरी तिला विचारलंसुद्धा, "कुठला हो?" ती पडद्याकडे हात करून म्हणाली, "तो काय. मोठा." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. फोटोंच्या अल्बममध्ये आपलं माणूस सापडावं, तसं झालं होतं तिला. कोपराने मला ढोसून म्हणाली, "बघ की, खाली काय बघतेस?"

म्हणून मी बघितलं. गेल्या वेळी हा शेवट मी पुरता बघितलाच नव्हता. चष्मा पडला होता आणि मग रागाने उठून आले होते.

आता ऐक. ज्या दुपारी तुझे बाबा गेले, त्या वेळी मी स्वयंपाकघरात होते. त्यांचे पाय गार पडले होते म्हणून रबरी पिशवीत गरम पाणी भरत होते. तुझा आवाज आला, "आई, ये. आई, लवकर ये." मी झाकण घट्ट लावून आले. उघडं ठेवलं असतं तर पांघरूण भिजलं असतं. आले तेव्हा संपलं होतं. हात पांघरुणाखाली गेला होता. मी पिशवी पायांशी ठेवली आणि फोन बंद केला. त्यानंतर तू म्हणालास, "मी होतो, आई," आणि मी म्हणाले ते म्हणाले.

पडद्यावर शेवटचा श्वास येतो. दोन छोटे ओढे. मग थांबणं. कल्ल्याचं टोक वर उठतं आणि तसंच राहतं. इतका वेळ राहतं, की सगळं थिएटर श्वास धरून बसतं. जांभई देणारे, लाह्या खाणारे, सगळे. आत्यानेही धरला होता. मीही. आणि मग ते खाली येतं. पडत नाही. सावकाश, कुणीतरी खाली आणल्यासारखं येतं. सगळ्या माणसांनी एकदम श्वास सोडला, तो मला ऐकू आला. प्राण्याने पुन्हा घेतला नाही.

दिवे लागले. पुढचा माणूस बायकोला म्हणाला, "बाकी सिनेमा भिकार आहे, पण हे काहीतरी वेगळं होतं." ती म्हणाली, "उगाच ताणलंय." ते भांडत बाहेर गेले. आत्या पाय दुखतो म्हणून बसून राहिली आणि मी तिच्या शेजारी. पडद्यावर नावं सरकत होती, बारीक, मुंग्यांसारखी. तुझं होतं की नाही, दिसलं नाही. मी शोधलंही नाही.

परत येताना आत्या म्हणाली, "पोराने काय नीट बघितलंय गं दादाला." मी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, ऐकलं मी, बहिरी तू आहेस.

तर आता हे. मला न विचारता तू हे करायला नको होतं. ते तसंच आहे, आणि समोर आलास की दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. बघणारा हा असणारा नव्हे, हेही मी पुरतं सोडलेलं नाही. पण मी चादर बदलत होते, भांडं धरत होते, पाणी भरत होते. त्या सगळ्यात बघायला सवड कुणाला होती? ती तुला होती. मी त्याबद्दल एक वर्ष तुझ्यावर चिडले आहे. आता चिडून चिडून थकले, आणि एक गोष्ट मला कळायला हवी आहे. ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

ते बोट खाली आलं होतं का?

सिनेमावाले शेवट गोड करतात. कुणी साहेब म्हणाला असेल, इथे ते खाली आणा, बरं दिसेल. तसं असेल तर तसं सांग. वरच राहिलं असेल तर तेही सांग. मी औषधांच्या दुकानात आयुष्य काढलंय, मला गोड लावून काही द्यायची गरज नाही. पण मेलमध्ये लिहू नकोस. टकळी ती काउंटरवर वाचेल. फोनवरही नको. माझ्यासमोर बस, त्यांच्या खाटेवरच बस, ती हलवलेली नाही, आणि तुझ्या हाताने करून दाखव.

तिकीट काढ.

आशीर्वाद.

तुझी आई